अंजिराच्या ओंडक्यात

छिन्नीच्या घावासरशी अंजिराचा ओंडका उभा फाटला आणि सरांनी चटकन दाराकडे पाहिलं. नशीब, बाई हात धुवायला प्रयोगशाळेबाहेर गेल्या होत्या.

भिंगाखाली किड्यांचा बोगदा लख्ख दिसत होता. भिंतींवर पांढरी बुरशी. हे भुंगेरे लाकूड खात नाहीत. ते पोखरून आत बुरशीची शेती करतात आणि तिच्यावर पोरंबाळं पोसतात. आत लांबट, पंखवाल्या माद्या दाटीवाटीने बसल्या होत्या. ती बाईंनी शोधलेली जात. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत कुठेही, लिंबू म्हणू नका, अक्रोड म्हणू नका, मिळेल त्या झाडात संसार थाटणारी. आणि त्यांच्या मधोमध, घरजावयासारखा ऐसपैस, एक बुटका, कुबडा, न उडणारा भुंगेरा. तो मात्र सरांचा.

सरांनी उभ्या आयुष्यात शोधलेली ती एकुलती एक जात, फक्त अंजिरात सापडणारी. "वेगळी कसली? माझ्याच जातीचा नर आहे तो," असं बाई कधीपासून म्हणत होत्या. सर म्हणत, पुरावा दाखवा. आता पुरावा समोर होता: एकाच बोगद्यात, एकाच कुटुंबात त्या माद्या आणि हा नर. दोन जाती एकच निघाल्या की आधीचं नाव राहतं, नंतरचं बाद होतं. आधीचं नाव बाईंनी ठेवलेलं होतं.

नावावरून दोघांचं वाकडं जुनंच. तरुणपणी लग्न मोडलं तेही त्यावरूनच. बाई माहेरचं आडनाव सोडेनात आणि सर हट्ट सोडेनात. मग दोघंही बिनलग्नाचेच राहिले, समोरासमोरच्या टेबलांवर.

कुबडा चिमट्याने उचलून टाकला असता तर कुणाला कानोकान खबर लागली नसती. सरांचा चिमटा बोगद्यापर्यंत गेलाही. पण तिथे इवल्या अळ्या वळवळत होत्या. एवढं नांदतं घर मोडायला त्यांचा हात धजेना.

"बाई, जरा बघता का?"

बाईंनी भिंगाला डोळा लावला. माद्या, अळ्या, कुबडा, सगळं नीट पाहून घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "तुम्ही हा काढून टाकू शकला असता."

"शकलो असतो. पण हट्टापायी एकदा फार गमावलंय मी. तुमचंच नाव राहू दे."

"किड्याचं?"

सरांनी चिमटा खाली ठेवला.

"किड्याचं तर झालंच. आणि अजून लग्न करायचं मनात असेल, तर तुमचंही."