तंगेडूची फुलं

"तंगेडू माहीत आहे ना, टीचर?" सुगुणम्माने तेलुगूत विचारलं, आणि मनकर्णा झटकन म्हणाली, "तेलुसु, तेलुसु." म्हणजे माहीत आहे, माहीत आहे. माहीत होतं कप्पाळ!

पण नाही कसं म्हणणार? आदिलाबादेतल्या त्या क्वार्टरांच्या ओळीत ही एकटीच मराठी मास्तरीण. मागच्या बतुकम्माच्या सणाला ओळीतल्या साऱ्या बाया फुलं तोडायला गेल्या, तेव्हा हिला कोणी हाक मारली नव्हती. यंदा सुगुणम्मा स्वतः दारात आली. नवरा म्हणाला, "देवबीव आपुन मानत नाई, पन फुलंच त हायेत. जाय." म्हणून सासूला, बयनाबाईला, घेऊन ती बायांबरोबर भीमपूरच्या रस्त्याला आली होती. मला आता तेलुगू येतं, असं ती नळावर सगळ्यांना सांगत आली होती. आता ते दाखवायची पाळी आली.

सुगुणम्माने कामं वाटून दिली. बाकीच्या गुनुगु तोडायला बसल्या. गुनुगु म्हणजे आपला कुर्डूच की, हे मनकर्णाने बघून ओळखलं आणि तिला जरा धीर आला. तंगेडू मात्र टीचरच्या वाट्याला. "त्याच्याशिवाय बतुकम्माचा फुलांचा मनोरा रचताच येत नाही," सुगुणम्मा म्हणाली. "पिवळंजर्द फूल. भरपूर आणा."

पिवळं. मनकर्णाने छत्री बांधावरच्या एका झुडपाला अडकवली आणि रान न्याहाळलं. बांधाबांधाने तरवड फुलला होता. पण तरवडाचं काय, तो कुठंही उगवतो, त्याला कोण पुजतं? सणाचं फूल कसं तालेवार पाहिजे. आणि दिसलंच की! रस्त्याच्या कडेला जंगल खात्याने लावलेली झाडं ओळीने उभी होती, फांद्या पिवळ्या शेपट्यांनी लगडलेल्या.

"फांदी वाकवा, आत्याबाई."

बयनाबाईने फांदी वाकवून धरली. मग हळूच म्हणाली, "याले त बकरीबी तोंड लावत नाई वं. हेच हाय काय?"

"तुमाले काय समजते त्यातलं? मी म्हनलं ना, हेच हाय."

म्हातारीने दुसरी फांदी वाकवली. दोघींनी मिळून पोतं गच्च भरलं.

बायांपुढे येऊन मनकर्णाने पोतं उलटं केलं. एक नवी लग्न झालेली पोर खिदळली, "अय्यो, ऑस्ट्रेलिया तुम्मा!" आणि हसण्याला नुसता ऊत आला. सरकारने परदेशातून आणून लावलेली बाभूळ ती. "यंदा बतुकम्मा विमानातून आली गं!" कोणीतरी म्हणालं. सुगुणम्मा तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "टीचर, माहीत आहे म्हणालात ना? तुमची छत्री कशावर लटकली आहे, बघा बरं."

छत्री तरवडावर लटकली होती.

मनकर्णाची कानशिलं तापली. झाड ओळखीचंच हो, शब्द तेवढा कळला नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. कोणी फासावर दिलं नसतं. पण पुढल्या वर्षी हाक येणार नाही, या एकाच भीतीने तोंडातून निघून गेलं, "मा अत्त तेच्चिंदी. आमेकु तेलुगु रादु." माझ्या सासूने आणलं. तिला तेलुगू येत नाही.

इतकं बिनचूक तेलुगू ती जन्मात बोलली नव्हती.

साऱ्या माना बयनाबाईकडे वळल्या. म्हातारीने सुनेकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतंच पाहिलं. मग घाम पुसावा इतक्या सवयीने पदर डोक्यावर ओढला, कमरेत वाकली आणि दोन्ही हात जोडून सुगुणम्माला म्हणाली, "तप्पयिंदी, दोरसानी." चूक झाली, मालकीणबाई. दोरा म्हणजे तिकडचा जमीनदार, त्याची बायको ती दोरसानी.

हसू जागच्या जागी विझलं. "अय्यो, अव्वा! मी कसली दोरसानी?" सुगुणम्मा ओशाळून पुढे धावली. तिचा नवरा बस डेपोत मेकॅनिक. तिने म्हातारीचे जोडलेले हात धरून खाली केले आणि तिला सावलीला नेऊन बसवलं.

मनकर्णाला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. दर चौदा एप्रिलला हीच बायांपुढे उभी राहून सांगायची, आता कोणापुढं वाकायचं नाही. आणि आज स्वतःच्या घरातली म्हातारी हिनेच वाकवली, तीही चार फुलांपायी. खरं काय ते अजून सांगता येईल, तिने मनाशी म्हटलं. शब्द ओठाशी आलेही. पण बाया बयनाबाईला पाणी देत होत्या, हिच्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिला त्याचं बरंच वाटलं. ती निमूट बांधाकडे गेली आणि तरवड तोडू लागली.

थोड्या वेळाने बयनाबाई शेजारी येऊन तोडायला लागली.

"आत्याबाई," तिच्याकडे न पाहता मनकर्णा म्हणाली, "तुमाले तेलुगू येते, कदी सांगतलं नाई."

"काहाचं येते, माय!" म्हातारी फुलं ओच्यात टाकत म्हणाली. "थे एकच बोलनं येते. दोराच्या वावरात तेवढंच लागे."