वरची फणी

"नाना, संख्याशास्त्रापायी जळगावचं कॉलेजच सोडते. दहावीनंतर गणिताला शिवलेच नाही," घरी आलेल्या झुलालनानांना रूपा म्हणाली. निवृत्त मास्तर हसले. "उद्या सोड. आज तुमच्या ओसरीत टांगलेल्या घडातल्या थोड्या केळ्यांची लांबी मोज, त्यावरून अख्ख्या घडाची सरासरी सांग." रूपाने केळी आणली, फुटपट्टीने मोजली, भागाकारही चुकला नाही. "अवं माय, ही कोणत्या फणीतली?" "वरच्या. पाहुण्यांना आम्ही वरचीच देतो..." बोलता बोलता ती थबकली. वरची केळी मोठी असतात. खालची बारकी तिने मोजलीच नव्हती. लगेच प्रत्येक फणीतून न बघता एकेक केळं तोडून आणलं. "नमुना असाच घ्यायचा. पुढचं मी शिकवतो," नाना म्हणाले. पास होताच रूपा नानांकडे टोपली घेऊन आली. त्यात मोठ्या केळ्यांसोबत बारकीही होती. "वरची फणी पाहुण्यांना. तुम्ही आता घरचे, नाना."