बोटीतून मारलेली हाक

बोट सुटली आणि केरबाचा पटका उडून समुद्रात गेला.

"आयला!" एवढंच तो म्हणाला आणि दोन्ही हातांनी बाकाची फळी गच्च धरून बसला. मागच्या बाकावरची कॉलेजातली पोरं खिदळली. दुसरं महायुद्ध संपल्यावर पलटणींचं जुनं सामान लिलावात निघालं होतं. त्यातलीच ही वेगाची बोट कुणा शेटनं घेतली होती आणि अपोलो बंदरावरून तो लोकांना मुंबई दाखवत फिरवत होता. पाण्यावर आपटत, उसळत ती अशी धावली की किनाऱ्यावरची मोठमोठी हॉटेलं बघता बघता मागे पडली. हौस केरबाचीच. "वैनी, आलोय तर बसूया की. येवढं पानी परत कवा बघनार?" असं तोच म्हणाला होता. आता गुडघ्यांत डोकं घालून तो सिद्धनाथाचा धावा करत होता.

त्याच्या भावजयीला, बनूला, मुंबई बघायची नव्हती. तिला गोदी बघायची होती.

दोन वर्षांपूर्वी गोदीत मोठा स्फोट झाला, त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याचा, आकारामचा, पत्ता नव्हता. तो तिथं हमाली करायचा. म्हसवडजवळच्या वस्तीवर सासूनं वर्षभर वाट पाहिली आणि मग ती म्हणाली, "गेला माझा ल्योक. दिवस घाला आता त्येचं."

बनू उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "माती बघितली का कुनी? न्हाई न्हवं? मग मी जिती हाय तवर दिवस घालू देनार न्हाई."

त्यानंतर तिच्याशी कुणी वाद घातला नाही. कुणी फारसं बोललंही नाही. बायका तिला विधवांत धरत नव्हत्या आणि सवाष्णींत बोलवत नव्हत्या. कुणाच्या घरी ओटी भरायची असली की तिच्यापर्यंत येता येता करंडा दुसरीकडेच वळायचा. भरल्या घरात माणूस एकटं पडतं ते असं. रात्री कूस बदलली तरी विचारणारं कुणी नव्हतं. अखेर सासूनंच धाकट्या लेकाला सोबत देऊन तिला मुंबईला धाडलं. "बघून या एकदा. न्हाई गावला, तर मग माझं ऐकायचं."

दोघं मुंबईत आली आणि त्यांनी माणदेशातल्या माणसांच्या खोल्या पालथ्या घातल्या. दारात उभं राहून दादाचं नाव केरबा सांगायचा. बनू नुसती मागं उभी. आकारामला स्फोटानंतर कुणी पाहिलं नव्हतं. आता रात्रीच्या गाडीनं परत जायचं होतं. राहिली होती ती एवढी पाण्याकडची बाजू.

बोटवाला हात करून काहीबाही दाखवत होता. बनू पदर दातांत धरून काठाकडे बघत होती. खारं पाणी सपकन तोंडावर आलं आणि बोट पुन्हा उसळली. ती एकदम हसली. मोठ्यानं हसली. आणि लगेच, कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून तिनं आजूबाजूला बघितलं.

पुढं एका धक्क्याशी माल वाहणाऱ्या पडाव-होड्यांची गर्दी होती. बोटवाल्यानं वेग कमी केला. धक्क्यावर हमाल न्याहारीला बसले होते. एक जण मात्र पाठमोरा उभा होता. बांबूला रेलून, एका पायावर, दुसरा पाय गुडघ्याशी टेकवून. माणच्या माळावर मेंढरं राखणारी माणसं अशी उभी राहतात. मुंबईत असं कोण उभं राहतं?

बनू बाकावरून पुढं वाकली.

"आवंऽ! आवंऽऽ!" ती ओरडली.

कुणी वळलं नाही. गोदीतल्या गलबल्यात 'आवं'ला कोण ओ देणार? बोट धक्का ओलांडून निघाली होती. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे आईनं तिला लग्नाच्या हळदीतच बजावलं होतं. आजवर तिनं ते नाव मनातसुद्धा घेतलं नव्हतं. ती फळीवर उठून उभी राहिली.

"आकारामऽऽ!"

तो वळला. आकारामच होता.

वळल्यावर त्यानं छातीशी धरलेली लहानगी दिसली. बाजूला भाकरीचं फडकं सोडून बसलेली बाईही दिसली. तिच्या कपाळावर ताजं, ठसठशीत कुंकू होतं. आकारामनं बनूला ओळखलं. त्याचा हात वर निघाला, अर्धाच. मग तोच हात त्यानं पोरीच्या पाठीवर ठेवला आणि पाठ फिरवून तो गाठोड्यांच्या थप्पीआड गेला. घाई केली नाही. पळालाही नाही. तो पळाला असता तर तिला कदाचित बरं वाटलं असतं.

इंजिन गरजलं आणि बोटीनं पुन्हा वेग घेतला. बनू धप्पकन खाली बसली. धक्का, पडाव, माणसं सगळं बारीक बारीक होत गेलं.

केरबानं डोकं वर काढलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वैनी, तुमी... दादाचं नाव घेतलं? दिसला व्हय दादा?"

पाण्याचे सपकारे तोंडावर बसत होते. तिनं ते पुसले नाहीत.

"न्हाई, भावजी," ती म्हणाली. "घरी गेलो की दिवस घालूया तुमच्या दादाचं."