गार जेल

"अगं, हा जेल आहे की बर्फ? परक्यांना तरी कोमट करून लावतेस ना?" सोनोग्राफीच्या टेबलावर मान वाकडी करून पडलेला एवर्ट कुरकुरला.

"हलू नकोस," गुनवोर म्हणाली. स्वीडनमधल्या स्केलेफ्टिओतल्या निम्म्या गावाच्या मानेतल्या रक्तवाहिन्या तिनं तपासल्या होत्या, पण नवऱ्याला आज कुठे धरून आणता आलं होतं. वर्षभर त्याला तिनं कोरड्या, कडक पावावर ठेवलं होतं. घरात मोह नको म्हणून सगळं लोणी आणि दालचिनीचे बन ती बिचारी एकटीच संपवत होती, केवळ त्याच्या काळजीपोटी!

पडद्यावर त्याची रक्तवाहिनी लख्ख दिसली. चरबीचा थर नावालाही नव्हता.

"बघ, माझ्या शिस्तीचं फळ!" ती ऐटीत म्हणाली.

"आणि तुझी कधी तपासलीस?"

"मला वेळ कुठे असतो?" कॉफीच्या सुट्टीत सोनोग्राफी विभागातल्या मैत्रिणींनाही ती हेच सांगायची, आणि त्याही मुकाट्यानं बनची बशी तिच्यापुढे सरकवायच्या.

एवर्टनं मान पुसली. खाली उतरून टेबलावर नवा कागद पसरला आणि दार उघडून विभागातल्याच तिच्या एका मैत्रिणीला आत बोलावलं. गुनवोर उगाच मशीन पुसत राहिली.



"तुझी आई आणि बहीण, दोघी पक्षाघातानं गेल्या, गुनवोर, आणि तू घाबरली आहेस," तो म्हणाला. "हो आडवी. जेल मी हातात धरून कोमट करतो."