धुळीचा पत्ता

"कोणी पाठवलं तुम्हाला?" गच्चीच्या दारातच हवालदारांनी हात आडवा धरला.

"प्रयोगशाळेतून आलेय, काका. परवाच्या वादळाची धूळ हवीय, चमचाभर."

"धूळ रस्त्यावर ढिगाने पडलीय. माझ्याच गच्चीवरची कशाला?"

"मीच फोन केला होता," मागून त्यांची बायको म्हणाली. "पेपरात आलं होतं, धूळ झाडून टाकू नका, आम्हाला कळवा म्हणून. येऊ द्या हो तिला. धूळच मागतेय, इस्टेट नाही."

हवालदारांनी हात काढला, नजर नाही काढली. फौज सोडून तीस वर्षं झाली तरी दाराची बेल वाजली की ते आधी खिडकीतून बघत, मग कडी काढत. प्रयोगशाळेतून आलेल्या बाईंच्या ओळखपत्रावरचा शिक्का त्यांनी दोनदा वाचला.

बाईंनी कुंड्यांच्या कडेवरची पिवळसर धूळ ब्रशने बरणीत लोटली. मग पिशवीतून एक यंत्र काढलं. ते टकटक करू लागलं तसे हवालदार दोन पावलं मागे सरले.

"घाबरू नका, एवढी टकटक कुठेही होते. खरं काय ते प्रयोगशाळेत कळतं. शेजारच्या गल्लीतल्या धुळीत काल सिझियम निघालं. अणुस्फोटाच्या राखेतलं."

"अगं बाई! आणि मी सगळ्या खिडक्या कोरड्या फडक्याने पुसल्या."

"अगदी थोडं आहे, काकू. अपाय होण्याइतकं नाही."

"आम्हालाही असंच सांगितलं होतं," हवालदार म्हणाले.

बोलून गेले आणि जीभ चावली.

"आम्हाला म्हणजे कोणाला?" बायकोने विचारलं.

"कोणाला नाही. आपलं बोलायची पद्धत."

यंत्र पिशवीत ठेवता ठेवता बाई थांबल्या. "काका, हा वारा ज्या वाळवंटावरून आला, तिथे कागदोपत्री कधी स्फोटच झालेला नाही. राख आली कुठून, याचा माग लागत नाहीये. तुम्हाला काही ठाऊक आहे?"

हिला सगळं ठाऊक आहे, हवालदारांना वाटलं. आपल्याला बोलतं करायलाच धाडलीय. त्या वेळी कागदावर सही घेणारा साहेबही असाच गोड बोलला होता. बायकोलासुद्धा सांगायचं नाही, म्हणाला होता. त्यांनी नव्हतं सांगितलं. तिच्या लेखी ते वर्ष त्यांनी रसदीच्या गोदामात काढलं होतं.

"मला काय ठाऊक असणार?"

"बरं." बाईंनी बरणीला झाकण लावलं, चिठ्ठी काढली. "मग लिहिते, उगम अज्ञात. वरून फाइल बंद करायला सांगतीलच."

"अज्ञात?" हवालदारांचा आवाज चढला. "तीनशे जण होतो आम्ही! स्फोटानंतर गाड्यांवरची धूळ झाडायला लावली होती, हातात नुसते झाडू देऊन. अज्ञात म्हणे!"

त्यांनी बाईंच्या हातातून पेन घेतलं. कठड्यावर चिठ्ठी टेकवून एका जागेचं नाव लिहिलं, खाली साल लिहिलं. पेन परत देताना म्हणाले, "आता न्या मला कुठे न्यायचं ते."

"तुम्हाला कोण कुठे नेतंय, काका?" बाई हलकेच म्हणाल्या.

बायको पुढे आली. चिठ्ठी हातात घेऊन तिने नाव वाचलं. मग साल वाचलं. सालावरून तिची नजर हलेना.

"आपली थोरली पुढच्याच वर्षी झाली," ती म्हणाली. "आणि अकरा महिन्यांत गेली."

हवालदार कुंड्यांकडे बघू लागले.

"डॉक्टरांनी विचारलं होतं, दोघांपैकी कोणी काही विषारी हाताळलं होतं का." ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात."