डावं-उजवं

जुनी आखूड जीप होडी ओढणार म्हटल्यावर मी काही बाकी ठेवलं नव्हतं. ब्रेक नवे घातले, मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले, ट्रेलरचा हुक थेट चासीला जोडून घेतला आणि तो निसटलाच तर म्हणून वर साखळीही लावली. एक गोष्ट मात्र राहिली. ट्रेलर जोडलेली गाडी मागे कशी घ्यायची, हे मला येत नव्हतं.

खाडीच्या उतारावर ते कळलं. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की ट्रेलर उजवीकडे पळायचा, आणि आखूड जीप डोळ्याचं पातं लवेपर्यंत ट्रेलरला आडवी व्हायची. नुकतीच रंगवलेली होडी धक्क्याच्या दगडापासून हातभर अंतरावर आली तसा मी कचकन ब्रेक दाबला.

"थांबा, मी सांगते," म्हणत बायको उतरली. लग्नापासून हिचं डावं-उजवं उलटं. हिच्या भरवशावर आम्ही किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्याला म्हणून निघून, घाट चढून बेळगावात जेवलो आहोत.

ट्रेलर डावीकडे जायला हवा होता. माझ्या डावीकडे हात दाखवत ही खणखणीत ओरडली, "उजवीकडे घ्या!"

वाद नको म्हणून घेतलं उजवीकडे. ट्रेलर गुपचूप डावीकडे वळला. ती पुन्हा उलटं बोलली, मी पुन्हा ऐकलं. होडी अलगद पाण्यात उतरली.

खिडकीशी येऊन ती म्हणाली, "मी पहिल्यापासून बरोबरच सांगत होते हो. तुमच्याच मागे काहीतरी जोडायचं राहिलं होतं."