पडीक, निर्मनुष्य

"दुसरं पान काढून टाका," बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

मोजणीदारांनी चष्मा पुसला. वसाहतीला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. तिचा भूगोल आणि इतिहास सांगणारी पुस्तिका काढायची टूम निघाली, तेव्हा ते काम आपसूक त्यांच्या गळ्यात पडलं. इथल्या जमिनीची पहिली सरकारी मोजणी त्यांनीच केली होती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, शुद्धलेखनाला कडक. म्हणून कागद तपासायला त्यांच्याकडे दिले होते. चार पानांना त्यांनी आठ दिवस घेतले.

पहिल्या पानावर भूगोल होता. पूर्वेला ओढा, पश्चिमेला बंद पडलेली दगडाची खाण, मधे उताराच्या सात गल्ल्या. पाणी दरवर्षी सातव्या गल्लीतच का तुंबतं, याचाही खुलासा होता. त्यावर बाईंची फक्त दोन वेलांट्यांची दुरुस्ती होती.

दुसऱ्या पानाच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या.

"खोटं आहे का त्यात काही?" मोजणीदारांनी विचारलं.

"खोटं कुठं म्हणतेय मी? नको म्हणतेय."

बाईंचा मुलगा वसाहतीचा सचिव. तो दारातूनच म्हणाला, "अगं आई, लिहू दे की काकांना! खाणीवरच्या मजुरांची घरं होती इथं, हे मलाही आत्ताच कळलं. आता कोण येणार आहे हक्क सांगायला?"

"तू चहा टाक," बाई म्हणाल्या. तो हसत आत गेला.

मोजणीदार पुढे सरकले. "बाई, मी पंचविशीचा होतो. नवी नोकरी. चांगली बत्तीस घरं मोजली. चुली पेटलेल्या होत्या. साहेब म्हणाले, शेऱ्याच्या रकान्यात ‘पडीक, निर्मनुष्य’ लिही. मी लिहिलं. महिन्याभरात सगळं भुईसपाट. बायको सोडून कुणाला बोललो नाही, आता तीही नाही. हे ओझं घेऊन मला जायचं नाही."

"ओझं तुमचं, काका. उतरवणार कुणाच्या डोक्यावर?"

"वसाहतीच्या नावाला बट्टा लागेल, ही भीती आहे ना तुम्हाला?"

"तसं समजा हवं तर."

मोजणीदारांचा चेहरा उतरला. तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवणारी बाई ही! त्यांनी कागद गोळा केले.

"मग पुस्तिका तुमची तुम्ही काढा. माझं नाव नको तिच्यावर. मी एकदा त्या माणसांना कागदावरून पुसलं, पुन्हा नाही पुसणार." ते उठले. दारापर्यंत गेले आणि तिथंच थबकले. राग ओसरला होता. "कुठं पांगली असतील हो ती? जगली तरी असतील का?"

बाईंनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत कपबशांचा आवाज चालू होता.

"जगलो आम्ही," त्या अगदी हळू म्हणाल्या. "माझ्या मुलाला ते ठाऊक नाही."